आत ठेवलेली माया

शिंपीकाकांनी गणिताच्या मास्तरांच्या कमरेला टेप लावला आणि मापाच्या वहीत पाहिलं. सहा महिन्यांत छत्तीसचे बत्तीस.

"पॅन्ट कमरेत आत घ्या, काका. काही न करता बारीक झालोय, स्टाफरूम जळतेय नुसती!"

"पोट साफ होतं?"

"टेप कमरेला लावलाय की पोटाला?" मास्तर हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "कधी होतं, कधी नाही. थोडं रक्त पडतं. मूळव्याध, दुसरं काय!"

काकांनी फळीवरून जुनी वही काढून समोर धरली. मास्तरांच्या वडिलांची मापं होती: अडतीस, पस्तीस, एकतीस. त्याखाली पान कोरं.

"तेही मूळव्याधच म्हणायचे. आतड्याचा कॅन्सर कळला तेव्हा उशीर झाला होता, हे तुम्हाला मी काय सांगू? मी मात्र दर वेळी मुकाट्याने पॅन्ट आत घेत राहिलो. आता नाही. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून या, रिपोर्ट दाखवा, मगच पॅन्ट मिळेल."

मास्तर तणतणत गेले. तिसऱ्या आठवड्यात रिपोर्ट घेऊन आले, तेव्हा चेहरा उतरला होता.

"आहे. पण वेळेत सापडलाय म्हणतात. सोमवारी ऑपरेशन."

काकांनी पॅन्ट हातात दिली. मास्तरांनी कंबर चाचपली. "शिवण एवढी जाड का लागतेय?"

"कात्री लावलेली नाही," काका म्हणाले. "चारही इंच माया आत ठेवलीय. बरे होऊन या, उसवायला मी बसलोय."