दर्यावर गेलेले

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या गल्लीत संपदा कंप्युटर क्लाससाठी घरांचा नकाशा काढत बसली होती. घर म्हणजे गोल, माणूस म्हणजे ठिपका. ते बघून आत्मारामने शेजारच्या सायमनशी पैज मारली, "ज्याच्या घरात ठिपके कमी, त्यानं दुसऱ्याच्या बायकोची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात मासळी विकायची!"

संपदाचा नियम सरळ होता, घरात झोपतो तो घरातला. सायमनचे पाच झाले, आत्मारामचे चारच.

"ए पोरी, माझे दोन भाव बोटीवर हायेत, ते काय भाड्याचे?" आत्माराम उसळला. "लिही, दर्यावर गेलेला मानूस परत येईपर्यंत घरातलाच!"

गल्लीने माना डोलावल्या. सहा झाले. आत्माराम नाचायलाच लागला.

तेवढ्यात सायमनची बायको कॅथरीन उंबऱ्यावर आली. "मंग आमचा इनास धर, बाय. आन पास्कू पन."

दोन्ही पोरांची बोट बुडून चार वर्षं झाली होती. फळ्या मिळाल्या होत्या, पोरं नव्हती. सायमनने मान खाली घातली. संपदाचं पेन थांबलं, तिने आत्मारामकडे बघितलं.

"काढ ठिपके," आत्माराम हळूच म्हणाला. "नेम माझाच हाय." सायमनचे सात झाले.

सकाळी आत्माराम लुगडं नेसून, पदर खोचून, कॅथरीनची पाटी डोक्यावर घेऊन "बोंबील घ्या, बोंबील!" असं ओरडत बाजारातून फिरला. कोणीच हसलं नाही. एकटी कॅथरीन त्याच्या मागून हसत, टाळ्या वाजवत चालली होती आणि दिसेल त्याला सांगत होती, "माझ्या पोरांनी हरवला याला!"