सरावाचा मेसेज

लिंक पुन्हा ब्राउझरमध्येच उघडली. पडद्यावर पासवर्डची चौकट आली आणि शेटिलनं फोन टेबलावर आदळला.

"उद्या तिकडे कुणाचं हृदय बंद पडलं, तर मी इथे पासवर्ड आठवत बसू?"

इंगुननं लॅपटॉप पुढे ओढला. स्कारवोय बेटावरच्या मदत पथकासाठी ॲप तिनंच बनवलं होतं. कुणी कोसळलं की जवळपासच्या स्वयंसेवकांना मेसेज जायचा. त्यातली लिंक दाबली की ॲप उघडून थेट रस्ता दाखवणार, अशी योजना. पण गेल्या महिन्यात धक्क्यावर एक कोळी कोसळला, तेव्हा निम्मे लोक पासवर्डच टाइप करत राहिले. नर्स नेमकी तिथेच होती, म्हणून तो वाचला. पथकप्रमुख शेटिलनं बजावलं होतं, "आज जमलं तर ठीक. नाहीतर पूर्वीसारखे एकेकाला फोन करू."

सभागृहातली कॉफी कधीच गार झाली होती. अखेर चूक सापडली. हे ॲप आमचंच आहे, अशी ग्वाही वेबसाइटवरची एक फाइल फोनला देते. त्या फाइलमध्ये ॲपच्या ओळखीतलं एक अक्षर चुकलं होतं. इंगुननं ते सुधारलं, सगळ्यांना ॲप काढून पुन्हा टाकायला लावलं आणि मेसेज सोडला: 'हा सराव आहे. ठिकाण: सभागृह. लिंक दाबा, घरीच थांबा.'

लॅपटॉपवर एकेक नाव हिरवं होऊ लागलं. शेटिल वाकून बघत होता.

"सगळ्यांचं उघडलं? माझ्या मेहुण्याच्या त्या डबड्यावरसुद्धा?"

"सगळ्यांचं," इंगुन म्हणाली. आवाज साधा ठेवणं तिला जड गेलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात बोरगिल. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, पथकातली सगळ्यात वयस्कर. तिला आता धावपळ जमणार नाही, नाव काढून टाकू, असं शेटिल कधीपासून म्हणत होता. बुटांना बर्फ, खांद्यावर हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राची पिशवी, चेहरा लालबुंद.

"अगं बाई, सराव होता तो!" शेटिल ओरडला. "घरी थांबा म्हटलं होतं. वाचता येत नाही का तुला?"

"वाचलं की." ती भिंतीला टेकून धापा टाकत होती. "वेळेत पोचले का, तेवढं सांग."

शेटिलनं घड्याळ पाहिलं. "पोचलीस."

बोरगिलनं पिशवी खाली ठेवली आणि इंगुनकडे बघून हसली.

"पोरी, तू तुझी लिंक तपासलीस. मी डॉक्टरांनी बसवलेला नवा खुबा तपासला. हं, शेटिल, आता काढ बघू माझं नाव पथकातून!"