सिव्हिल केस

कोर्टातल्या बाकावर बसलेला एक अनोळखी माणूस सरकला आणि म्हणाला, "या पावणं, बसा." आकाराम टेकला. धाकट्या भावानं, धोंडीरामनं, बांधावरनं केस घातली होती. आज पहिली तारीख.

"म्याडम, हिला सगळी सिव्हिल केस म्हणत्यात. सिव्हिल म्हंजे काय वो?" त्यानं आपल्या वकीलबाईंना विचारलं.

"सिव्हिल म्हणजे दिवाणी," संयोगिताबाई हसल्या. "मूळ शब्द लॅटिनमधला, अर्थ नागरिकाचा. आता एका गावात नांदायचं तर नीट बोलायला पाहिजे की नाही? म्हणून इंग्रजीत सभ्य माणसालाही सिव्हिलच म्हणतात."

"मग आमी दोघं भाऊ कवाच सिव्हिल न्हवतो बघा. गारगोटीच्या भर बाजारात मला 'ए टकल्या' म्हणून हाक मारायचा त्यो. मी त्येला शेंबड्या म्हणायचो. आय वरडून वरडून दमली, पर आमचं काय सुटलं न्हाय."

तेवढ्यात शेजारच्या माणसाचा पुकारा झाला आणि तो उठून आत गेला. रिकाम्या जागेवर आकारामनं डब्याची पिशवी ठेवली.

दारातून धोंडीराम आला. बाकाजवळ येऊन थांबला. आकारामनं उगाचच टोपी काढली, टकलावरनं हात फिरवला आणि वाट बघत राहिला.

.

.

धोंडीरामनं हात जोडले. "पावणं, पिशवी जरा उचलता का?"