टाकावरचा स्वार

मी देव्हाऱ्यातला टाक लाल फडक्यात गुंडाळत होतो, तेव्हा आत्या दारात आडवी उभी राहिली. “रायाजीला तिकडे नेऊ नकोस. दर धुळवडीला न्हाऊ घालून, हाका मारून मारून घरात ठेवलाय त्याला.”

मी हसलो. ऐंशीच्या बाईशी वाद काय घालायचा!

चांदीचा इवलासा पत्रा, त्यावर भाला घेतलेला घोडेस्वार. रायाजी आमचा पूर्वज. असईच्या लढाईत पडला, प्रेतही मिळालं नाही, म्हणून त्याचा टाक केलेला. सव्वादोनशे वर्षांनी त्याला त्याचं रण दाखवावं, असं माझ्या मनात आलं. खरं सांगायचं तर मला तिथला फोटो हवा होता.

असईत आता कपाशी आहे. भर दुपारी मी टाक बांधावर उभा केला. वारा अजिबात नव्हता, तरी समोरची कपाशी मधोमध दुभंगत गेली, पार नदीपर्यंत, जणू कुणी तिच्यातून धावत सुटलं होतं. टाक उचलला तर बोटांना चटका बसला. उन्हाने तापला असेल, म्हणत मी तो न बघताच फडक्यात बांधला.

घरी आत्याने फडकं सोडलं. टाकावर घोडा होता. खोगीर रिकामं होतं.

“झिजला असेल,” मी पुटपुटलो. “इतकी वर्षं घासतोय आपण.”

आत्याने ऐकलंच नाही. तिने तांब्यातून पाणी आणलं, घोड्यावर घातलं, पदराने त्याचे पाय हळूहळू पुसले.

“दमलाय बिचारा,” ती म्हणाली. “तेव्हाही हा असाच एकटा परत आला होता.”