रामघाटावरचा समुद्र

बकुळनं गंगाजलाचा गडू मोरीत उपडा केला, तो नेमका सासऱ्यांच्या, बिंदुमाधवशास्त्र्यांच्या डोळ्यांदेखत. गुडघ्यात कळ आली म्हणून ते आज स्नान न करताच रामघाटाच्या पायऱ्यांवरून परतले होते.

“गंगा मोरीत ओततेस?” शास्त्रीबुवा दारातूनच गरजले.

“बाबा, तो गडू...”

“एक अक्षर बोलू नकोस! ट्यूशनला ही खोली हवी ना तुला? समुद्र आटला की आपोआप मोकळी होईल, असाच हिशेब ना? आजपासून हा कमरा बंद. तुझं पाऊल इथे दिसता कामा नये.”

खोलीला कुलूप लागलं. किल्ली शास्त्रीबुवांनी जानव्याला बांधली.

समुद्र म्हणजे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. बुवांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही. मुलगा ढुंढिराज रेल्वेच्या नोकरीत, कोकणात बदली झालेला. फोनवर एकदा तो सहज बोलून गेला, “बाबा, आपण मूळचे कोकणातले, आणि तुम्ही समुद्र पाहिलाच नाहीत. आता राहिलाच तो.”

हे ‘राहिलाच’ म्हाताऱ्याला झोंबलं. “मी यायचा नाही,” ते म्हणाले. “तोच येईल.”

आणि आला. टाकी आली, समुद्री मिठाची बादली आली, लाटा उठवणारा पंप आला. प्रवाळ चिकटलेले दगड आले, गोगलगायी आल्या, पांढऱ्या पट्ट्यांचे नारंगी मासे आले. वीज गेली तर पंप थांबू नये म्हणून इन्व्हर्टरही आला. सगळा घाट हसला. “शास्त्री आज मासे पाळतोय, उद्या तळेल,” असंही कुणी म्हणालं. बुवांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्रवाळाची बोटं पाण्यात हलायला लागली की ते खुर्ची ओढून बसत, आणि मग जेवायला चार हाका माराव्या लागत.

पहिल्यापासून वाद होता तो पाण्याचा. टाकीतलं पाणी हवेत उडतं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोज थोडं गोडं पाणी वरून घालावं लागतं. दुकानदार बनवारीनं बजावून सांगितलं होतं, “पंडितजी, मशीन का शुद्ध पानी डालिए. गंगाजल से हफ्ताभर नहीं चलेगा.”

“काशी में बैठकर गंगा को ना कहूँ?” बुवा म्हणाले होते. “चलेगा. देख लेना.”

रोज स्नानाहून येताना ते गंगाजल आणत, फडक्यातून गाळून तांब्याच्या गडूत भरत आणि टाकीशेजारी झाकून ठेवत. दिवसरात्र निवळलेलं ते पाणी दुसऱ्या दिवशी स्नान करून आले की मंत्र म्हणत समुद्रात सोडत. नदीनं समुद्राला मिळायचं असतं, एवढं साधं शास्त्र या बनवारीला कुणी शिकवलं नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. दोन वर्षं टाकी फुलत राहिली. बनवारीनं हात जोडले. आता तोच गिऱ्हाइकांना सांगायचा, “पंडितजी का समंदर गंगाजल पर चलता है!”

आणि असल्या समुद्रावर घरातच डोळा! बुवांचा संताप शमेना.

कुलूप लागलं आणि काही दिवसांतच गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग प्रवाळानं अंग आखडून घेतलं. एक पांढरा पडला, मग त्याच्या शेजारचा.

“बाबा,” बकुळ दाराबाहेरून म्हणाली, “थोडे दिवस पाणी मला घालू द्या.”

“तुझ्या हातचं? बघतो मी कसा मरतो हा समुद्र! आजपासून दोन गडू घालीन.”

तसे त्यांनी घातले. मंत्रही दुप्पट म्हटले. आवाज जराही खाली येऊ दिला नाही. ढुंढिराजनं फोनवर सुचवलं, “बकुळला विचारून बघा ना एकदा.” बुवांनी फोनच ठेवला. सारा घाट हसला तेव्हा ते हरले नव्हते. सुनेपुढे तर मुळीच हरणार नव्हते.

शेवटी जांभळा प्रवाळही मिटला. तो त्यांचा सर्वांत लाडका. तेव्हा मात्र त्यांनी बनवारीला बोलावलं. बकुळ चहा घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

बनवारीनं काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. पाण्यावर रंग चढला.

“पंडितजी, पानी में ताँबा है. मछली सह लेती है, बाकी सबके लिए ज़हर है. किसी ने डाला है.”

“ऐकलंस?” बुवा उंबऱ्याकडे वळले. “माझ्या समुद्रात विष कालवलंस! कुलपाआधीच कालवलं असणार. आता बनवारीसमोर बोल!”

बनवारीची नजर टाकीशेजारच्या तांब्याच्या गडूवर गेली होती. त्यानं तो उचलला, आत डोकावला.

“पानी इसी में रखते हैं?”

“इसी में. पहले दिन से. दिनरात रखता हूँ.”

बनवारीनं गडू हळूच खाली ठेवला. “तब तो पहले ही महीने में सब मर जाना था, पंडितजी. दो साल चला कैसे?”

बकुळनं चहाचा ट्रे उंबऱ्यावर ठेवला.

“बाबा, तुम्ही स्नानाला गेलात की मी रोज तो गडू रिकामा करायचे आणि स्वयंपाकघरातलं फिल्टरचं पाणी भरून ठेवायचे,” ती म्हणाली. “तुम्ही कुलूप लावलंत, त्या दिवसापर्यंत या समुद्रात गंगेचा एक थेंबही पडला नव्हता.”