जसिंता आजीची दुभाषी

"त्या लंबूटांगला सांग, आभाळाकडे बघत चालला तर मुंग्या त्याची विजार खाऊन टाकतील," जसिंता आजी आपल्या किच्वा भाषेत म्हणाली.

तिच्या नातीनं, इल्दानं, मागे वळून स्पॅनिशमध्ये सांगितलं, "आजी म्हणते, जरा जपून चाला."

रानातली औषधं शिकायला राजधानी कीटोहून आलेले विद्यार्थी अदबीनं माना हलवू लागले. एक मुलगी मात्र खो खो हसत सुटली. ती तामिया. ओतावालोची, डोंगरातली. एवढ्या उकाड्यातही गळ्यात सोनेरी मण्यांच्या माळा घालून आली होती. इल्दानं चमकून तिच्याकडे पाहिलं. डोंगरातली किच्वा थोडी निराळी असते, पण या पोरीला सगळं समजत होतं.

टिंगलटवाळी समजली तर समजू दे. भीती होती ती पुढच्या गोष्टीची.

आजी एका झाडापाशी थांबली. कोयत्याच्या टोकानं तिनं सालीवर चीर पाडली आणि लालभडक चीक ओघळला. "हा डोळ्यांत घालायचा. नजर साफ होते," ती ठणकावून म्हणाली.

इल्दानं चिकाचा थेंब बोटावर घेतला. "हा चीक जखमेवर लावतात. असा चोळायचा, पांढरा फेस येईपर्यंत. जखम लवकर भरून येते."

सगळ्यांनी वह्यांत लिहून घेतलं. तामियानं लिहिलं नाही. तिनं आधी आजीकडे पाहिलं, मग इल्दाकडे.

हे गेले सात महिने चाललं होतं. तेना शहरात जाऊन परिचारिकेचं शिक्षण घ्यायचं, असं इल्दानं आजीला सांगितलं तेव्हा आजी नुसतं "बघू" म्हणाली होती. त्यानंतर पहिला विद्यार्थ्यांचा गट आला आणि आजी त्यांच्यापुढे भलतंच सांगून बसली. इल्दानं घाईघाईनं बरोबर करून घेतलं. मग दुसऱ्या गटापुढे तेच, तिसऱ्यापुढेही तेच. घरी कुणाचं तापलेलं लेकरू आणलं, तर आजीचा हात अजून नेमका हव्या त्या पानावर जाई. चार नवी माणसं जमली की गोंधळते बिचारी, अशी इल्दानं स्वतःची समजूत घातली होती. पण आज पाहुण्यांपुढे गोंधळणारी उद्या घरात गोंधळली तर? कुणाच्या तरी पोटात नको ते जायचं. आणि गावाला कळलं, तर चाळीस वर्षं जिच्या अंगणात लोक रांग लावत आले, तिच्याकडे कुणी फिरकणार नाही.

कॉलेज सोमवारी सुरू होणार होतं. आज शनिवार. जायचं नाही, हे इल्दानं ठरवून टाकलं होतं. रडूनही झालं होतं.

आज मात्र कहर झाला. लसणाचा वास मारणारा सर्दीचा वेल आजीनं सर्पदंशावर नेऊन बसवला. सांधेदुखीची साल तान्ह्या बाळांना झोपेसाठी द्यायला सांगितली. खाजऱ्या आग्याची पानं, जी दुखऱ्या पाठीवर सपासप मारायची, ती म्हणे कच्ची चावून खायची! प्रत्येक वेळी इल्दा हसतमुखानं खरं ते सांगत राहिली. 

मध्येच माकडांची टोळी डोक्यावरून गेली म्हणून बरं. सगळे तिकडे धावले, त्यांचे ओर्तिस सर तर सगळ्यांच्या पुढे.

दुपारी पानात भाजलेले मासे खाऊन मुलं नदीवर बूट धुवायला गेली. तामिया नेमकी इल्दाशेजारी येऊन बसली.

"आजी सांगते एक, तू सांगतेस दुसरं."

"हळू बोल गं," इल्दा कळवळून म्हणाली. "तुझ्या पाया पडते. सरांना सांगू नकोस. तिचं वय झालंय."

"तुला सगळ्या झाडांचं कसं ठाऊक?"

"लहानपणापासून तिच्या मागे मागे फिरतेय. आणखी काय करणार होते या रानात?"

"आणि असं किती दिवस झाकणार?"

"ती आहे तोवर."

"मग सोमवारचं काय?"

इल्दा चपापली. "तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आजीनंच. सकाळी चहा पिताना खूप बोललो आम्ही." तामियानं बूट झटकला. "प्रेमळ आहे. माझ्या माळांना मात्र बैलाच्या घंटा म्हणाली."

इल्दाला हसू आलं आणि डोळेही भरले. आली गेली माणसं गाठून घरच्या गोष्टी सांगते आजी, म्हणजे आता खरंच उतरणीला लागली. या म्हातारीवर तिचा फार जीव होता. तिला एकटं टाकून कुठं जाणार?

निघायची वेळ झाली. होडी तेनाला परतणार होती; नावाड्यानं इंजिन सुरू केलं. मुलं एकेक करून होडीत चढली, लंबूटांग दोनदा घसरला. आजी काठी टेकत धक्क्यापर्यंत आली आणि तिनं तामियाचा दंड धरला.

"तुमची ती स्पॅनिश मला समजत नाही, पोरी. खरं खरं सांग. माझी नात दिवसभर या लोकांना काय सांगत होती?"

 आजीच्या पाठीमागून इल्दानं तामियाकडे पाहत मान हलवली. नको. एवढं नको. आपण चुकतो हे त्या म्हातारीला कळायला नको.

तामियानं तिच्याकडे एकदा पाहिलं. मग तिनं आजीचा खरखरीत हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सकाळी तुम्ही मला मोजून दाखवलेल्या नऊच्या नऊ थापा तिनं बरोबर करून सांगितल्या, आजी. पास झाली. आता येऊ द्या तिला आमच्याबरोबर तेनाला."