घुमणारा सायलेन्सर

नवऱ्याच्या रक्तातली साखर वाढल्यापासून घरातल्या डब्याडब्यावर विजयाबाईंची नजर होती, आणि नवऱ्याचा, नरहररावांचा, सगळा जीव अंगणातल्या जुन्या पॅलिओत. एकेकाळी भल्याभल्यांना मागं टाकणारी ती गाडी. लेकीला न्हाऊ घालावं, तीट लावावी, तसे ते तिला घासत, पुसत, सजवत. पण नवे रुंद टायर आणले तेव्हा विजयाबाई फणकारल्या, "काहून जी? म्हातारपणी वरात काढता का हिची?" इंजिन उघडलं तेव्हा तर त्यांनी अबोलाच धरला.

म्हणून घुमणाऱ्या सायलेन्सरचा विषय नरहररावांनी भीतभीतच काढला. विजयाबाई चक्क हसल्या. "लावा नं! असा आवाज पाहिजे का आख्ख्या पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात घरोघर कळलं पाहिजे, आमचे हे येऊन राहिले!"

नरहररावांचे डोळे भरून आले. उशिरा का होईना, बायकोला गाडी कळली!

रविवारी सकाळी गाडी वाघिणीसारखी डरकाळत निघाली. नव्या रायपूरच्या मोकळ्या रस्त्यांवर मनसोक्त पळवून ते पुरानी बस्तीत परतले, तेव्हा तोंडात बडीशेप होती आणि ओठांवर गाणं. फाटकात विजयाबाई हातात ग्लास घेऊन उभ्या. नरहररावांना वाटलं, आज स्वागत आहे!

ग्लासात कारल्याचा रस होता.


"हलवायाच्या वळणावर आवाज बराच वेळ बंद होता जी. जलेबी होती का रबडी?"